वास्तुपुरुषाला इंग्रजी येतं

शुभाताईंच्या घरात कुठलीच गोष्ट संपत नाही. तांदूळ वाढतात, तूप वाढतं, चहाची पावडर वाढते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, साखर वाढलीय!" मी म्हटलं, वा, मग दोन चमचे घाला. मिळाला बिनसाखरेचा चहा.

हे सगळं त्यांनी मिरजेहून आणलंय. घरात अशुभ बोलायचं नाही, कारण वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु, तथास्तु म्हणत घरभर फिरत असतो. आपलं वेडंवाकडं बोलणं आणि त्याचं तथास्तु एका क्षणी जुळलं की झालंच. आता मिशिगनमधलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि पुठ्ठ्याच्या भिंती. यात वास्तुपुरुष राहील तरी कुठे, असं मी एकदा विचारलं. "तळघरात," ताई म्हणाल्या. "हीटरजवळ. थंडी त्यालाही वाजते."

ॲन आर्बरपासून पाऊण तासावर हेझल क्रीक नावाची टाउनशिप आहे, म्हणजे आपलं खेडंच. माणसं साडेतीन हजार, त्यात मराठी दोन: शुभाताई आणि त्यांचे यजमान गुरुनाथराव. गुरुनाथराव मूळचे नागपूरचे, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. हृदयाचा जुना त्रास आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायची घरात बंदी आहे. शुभाताई टाउनशिपच्या ऑफिसात अकरा वर्षं नोकरी करतात. कुत्र्यांचे परवाने देणं, मतदारयादी सांभाळणं आणि गावच्या दफनभूमीतल्या जागा विकणं ही त्यांची कामं. जागा विकत घेऊन गिऱ्हाईक निघालं की सवयीने त्या म्हणतात, "या हं परत." त्यांच्या दृष्टीने हा शुभेच्छांचा भाग आहे. गिऱ्हाईक मात्र जरा भरभर चालायला लागतं.

याच इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत गावचं पोलिस खातं आहे. खातं म्हणजे चीफ नोव्हाक आणि भिंतीवरचा एक पांढरा फळा. फळ्यावर आठवड्याच्या ड्युट्यांचा तक्ता. एकेकाळी त्यात पाच नावं होती. मोठ्या शहरांनी जास्त पगार देऊन तीन पळवली, आणि चीफच्या जोडीला उरली ती एकटी टेरी. उंच, लाल नाकाची, एका हाताने ट्रकचं चाक बदलणारी पोरगी. रिकाम्या झालेल्या चौकटींत 'गेला' असं लिहायचं शुभाताईंच्या जिवावर यायचं, म्हणून त्या तिथे मराठीत 'वाढले' लिहून ठेवत. एके दिवशी चीफनी विचारलं, हे नक्षीकाम काय आहे? ताईंनी अर्थ सांगितला. चीफ बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे शुभा, तुझ्या भाषेत माझं खातं मिशिगनमधलं सगळ्यात मोठं आहे."

हसले, पण फार नाही. कारण तक्त्यात एक भोक पडलं होतं. दर मंगळवारी दुपारी तीन ते सात गावात एकही पोलिस नसे. त्या चार तासांत कोणी मदतीला हाक मारली तर काउंटीची गाडी दुसऱ्या टोकाहून येणार. बेचाळीस मिनिटं. अँब्युलन्सही त्याच बाजूने येते, तिलाही तेवढीच. बंद पडू घातलेल्या हृदयाला धक्का देऊन चालू करायचं यंत्र टेरीच्या गाडीत असतं, आणि मंगळवारी दुपारी टेरीची गाडी तिच्या घरी असते.

आणखी एक माणूस हवा होता. त्यासाठी सरकारकडून अनुदान मिळतं, पण अर्ज करावा लागतो, आणि गावात सबंध वाक्य लिहिता येणारी एकच व्यक्ती होती.

तीन वर्षं ताईंनी अर्ज केला. तीन वर्षं नकार आला. अर्जातला सातवा प्रश्न असा: हे पद मंजूर झालं नाही तर तुमच्या गावात काय घडू शकेल? ठिकाण, वार आणि वेळेसह प्रत्यक्ष उदाहरण द्या. पहिल्या वर्षी ताईंनी लिहिलं, की आमचं गाव शांत आहे, माणसं मायाळू आहेत, आणि एक पोलिस आणखी मिळाला तर आनंदात भर पडेल. चीफनी तो अर्ज नंतर वाचला. म्हणाले, "शुभा, हे वाचून मला इथे राहायला यावंसं वाटलं. आणि मी इथेच राहतो."

चौथ्या वर्षी, नोव्हेंबरात, चीफ खुर्ची ओढून ताईंच्या टेबलासमोर बसले. टोपी मांडीवर ठेवली.

"सातव्या प्रश्नात कोणीतरी मरायला हवं, शुभा."

"चीफ, असं बोलू नका."

"बोलत नाही. तू लिही."

ताई दोन दिवस अडून बसल्या. मग त्यांना एक तोडगा सुचला. वास्तुपुरुष मिरजेकडचा, म्हणजे मराठी. फार तर थोडं संस्कृत. अर्ज इंग्रजीत. त्याला काय कळणार आहे?

पण मारायचं कोणाला? त्यांच्या टॅनरी रोडवर शेजारी वॉल्टर राहतो. ऐंशी वर्षांचा, एकटा, सगळं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात गेलेलं. उदाहरण म्हणून इतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. घरी टेबलावर लॅपटॉप उघडून ताईंनी टाइप केलं: ऐंशी वर्षांचे गृहस्थ. तेवढ्यात बाहेर फटफट ऐकू आली. वॉल्टर आपल्या बुटक्या ट्रॅक्टरवर बसून यांच्याच ड्राइव्हवेवरचा बर्फ सारत होता. कोणी सांगितलेलं नाही, तो दर वेळी सारतो, आणि पैसे विचारले तर रागावतो. खिडकीत ताई दिसल्या तसा त्याने हात केला. ताईंनीही हात केला, आणि त्याच हाताने ते वाक्य पुसलं.

मग त्या एकेक घर आठवू लागल्या. इथे लहान मुलं, तिथे बाळंतीण, पलीकडे नुकताच नवरा गमावलेली बाई. दुसऱ्याच्या घराचं अशुभ लिहायचं कसं? शेवटी एकच घर उरलं.

त्यांनी लिहिलं: टॅनरी रोडचं शेवटचं घर. एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ, हृदयाचा जुना विकार. पत्नी नोकरीवर. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे चार. आदल्या रात्रीच्या पावसाचा रस्त्यावर बर्फ झालेला. गृहस्थांच्या छातीत कळ येते, ते फोन करतात, आणि बेचाळीस मिनिटं त्या रस्त्यावर कोणीही येत नाही.

चीफनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग बसले.

"कोण आहे हा?"

"काल्पनिक."

"फार काल्पनिक वाटत नाही," चीफ म्हणाले, आणि अर्ज गेला.

हे मला कळलं जानेवारीत, ॲन आर्बरच्या मंडळाच्या संक्रांतीला. शुभाताईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हातातला तिळगूळ न देताच सगळं सांगितलं. मी हसलो. म्हटलं, ताई, अर्जाला अर्जासारखं घ्या. त्यांची लेक आन्या तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला असते, तीही फोनवर म्हणाली होती, "आई, दॅट्स नॉट हाउ एनीथिंग वर्क्स."

"तिचं बरोबर असेल," ताई म्हणाल्या. "पण यंदा पहिल्यांदाच अर्ज पहिल्या फेरीतून पुढे गेलाय. म्हणजे कोणीतरी तो नीट वाचला." मग आवाज खाली आणला. "मला एवढंच कळत नाही, की आणखी कोणी कोणी वाचला."

मी हसायचं थांबवलं नाही, पण तिळगूळ मागून घेतला.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. एकेकट्या बघितल्या तर त्यात काही नव्हतं. गुरुनाथरावांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत एक गोळी वाढवली, आणि 'वाढवली' हा शब्द त्या घरात कसा ऐकला गेला असेल ते तुम्हीच बघा. टॅनरी रोडवरचा एकुलता दिवा गेला. टेरीला मोठ्या शहरातून बोलावणं आलं, ती विचार करते म्हणाली. आणि ताईंच्या लक्षात आलं, की तळघरातला हीटर अधूनमधून दोनदा खाकरतो. तसा तो वीस वर्षं खाकरत होता.

फेब्रुवारीचा पहिला मंगळवार. ताई तीन वाजता रजा टाकून घरी आल्या आणि नवऱ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"काय पाहून राहिली तू?"

"काही नाही."

"मग टीव्ही पाहा ना. तो हलतो तरी."

"तुम्ही हलू नका म्हणजे झालं."

पाच वाजता त्या उठल्या आणि चहा केला. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी बर्फ काढायचं फावडं कपाटामागे दडवलं. गुरुनाथरावांना बायकोचं हे नवीन प्रेम कळेना. मला फोनवर म्हणाले, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. आता अचानक ही मला बसून पाहून राहिली. माझं वजन वाढलं काय बे?"

आणि मग ऑफिसात पत्र आलं. अनुदानाची शेवटची निवड करण्याआधी सरकारतर्फे एक बाई गावाला भेट देणार होत्या. अर्जातल्या उदाहरणाने त्या अस्वस्थ झाल्या होत्या, आणि ती वेळ त्यांना प्रत्यक्ष बघायची होती. मंगळवार, अठरा फेब्रुवारी, दुपारी चार. अर्ज लिहिणाऱ्या व्यक्तीने हजर राहावं.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. हजर राहिलं नाही तर पोलिस गेला. हजर राहिलं तर घरी गुरुनाथराव एकटे, पत्नी नोकरीवर, मंगळवार, दुपारचे चार. त्यांनी लिहिलेल्या वाक्यात फक्त त्यांचीच जागा रिकामी होती, आणि आता सरकारी शिक्क्याचं पत्र पाठवून त्यांना तिथे बोलावलं जात होतं.

सतराच्या रात्री पाऊस पडला. सकाळी रस्ता काचेसारखा.

ताईंनी नवऱ्याला कोट चढवला.

"कुठे नेऊन राहिली?"

"ऑफिसात."

"तिथे काय करू मी?"

"बसा."

पोलिसांच्या खोलीबाहेर एक बाक आहे. वर फरारी माणसांचे फोटो. त्या फोटोंखाली गुरुनाथरावांना थर्मास आणि दोन संत्री देऊन बसवलं. "अगं, लोकांना वाटेल मला पकडून आणलं," ते म्हणाले. "तसंच समजा," ताई म्हणाल्या.

चीफनी पाहुण्यांसमोर खातं जरा भरलेलं दिसावं म्हणून टेरीला ड्युटी नसताना बोलावून घेतलं होतं. इस्त्रीचा गणवेश, दारात धुतलेली गाडी, गाडीत ते यंत्र. सरकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. चौघं टेबलाभोवती बसली. ताईंनी काचेतून बाक दिसेल अशी खुर्ची निवडली.

बाई प्रश्न विचारत होत्या, चीफ उत्तरं देत होते. ताई एका डोळ्याने घड्याळ बघत होत्या आणि दुसऱ्या डोळ्याने बाक. चार वाजले. गुरुनाथराव संत्रं सोलत होते. चार वाजून एक. सालीचा एक लांब सलग तुकडा निघाला, तो त्यांनी कौतुकाने वर धरून बघितला. चार वाजून पाच. फोड तोंडात. चार वाजून आठ मिनिटांनी ताईंनी तीन महिन्यांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली. टळलं.

टेरीच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला.

टॅनरी रोड. शेवटचं घर. वयस्क पुरुष. छातीत कळ.

खोलीत कोणीच हललं नाही. चीफनी टेबलावरच्या अर्जाकडे बघितलं. बाईंनी चीफकडे बघितलं. ताईंनी काचेतून बघितलं: गुरुनाथराव दुसरं संत्रं सोलत होते. ते इथे आहेत. मग त्यांच्या घरी कोण मरतंय?

टेरीची खुर्ची मागे पडली, आणि ती धावली.

वॉल्टर होता. मंगळवारी दुपारी गुरुनाथ घरी एकटा असतो हे त्याला ठाऊक होतं. ड्राइव्हवेवर बर्फ झालाय, एकटा माणूस घसरेल, म्हणून तो ट्रॅक्टर न काढता चालतच, बर्फ वितळवायला मिठाचं पोतं घेऊन आला. अर्धा रस्ता मीठ टाकून झाल्यावर कळ आली. तो यांच्या पायऱ्यांपर्यंत पोचला, बेल वाजवली, पुन्हा वाजवली. दर मंगळवारी ज्या घरात हमखास कोणी असे, त्यात त्या दिवशी कोणीच नव्हतं. मग पायरीवर बसून त्याने खिशातला फोन काढला.

हे सगळं नंतर कळलं. त्या घटकेला खोलीत फक्त रेडिओची खरखर होती. सात मिनिटांनी टेरीचा आवाज आला, पोचले म्हणून. मग बराच वेळ काही नाही. मग, यंत्र लावलंय. मग पुन्हा काही नाही. गुरुनाथराव आत येऊन दारात उभे राहिले होते. हातात अर्धं संत्रं.

सरकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ताईंकडे वळून अगदी हळू विचारलं, "मला एवढंच सांगा. आज मी येणार नसते, तर टेरी इथे असती?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मग कोण आलं असतं?"

उत्तर एका शब्दाचं होतं. कोणी नाही. तेवढं म्हटलं की काम झालं असतं. चार वर्षांची खटपट, गावाला पोलिस, मंगळवारचं भोक बुजलेलं. चीफ टेबलावर हात घट्ट दाबून वाट बघत होते. पण तिकडे पायरीवर वॉल्टर होता, अजून इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, आणि एकदा लिहिलेलं काय करतं ते ताईंनी नुकतंच कानांनी ऐकलं होतं. इंग्रजीतलं लिहिलेलं. तीस वर्षं अमेरिकेत राहून वास्तुपुरुष काय फक्त हीटरजवळ बसला असेल?

"कोणीतरी आलं असतं," शुभाताई म्हणाल्या. "देवमाणूस आहे तो. त्याच्यासाठी नक्की कोणीतरी आलं असतं. होईल सगळं चांगलं."

बाईंनी ते लिहून घेतलं.

सव्वासहाला हॉस्पिटलमधून कळलं, वॉल्टर वाचला.

एप्रिलमध्ये नकाराचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. प्रत्यक्ष भेटीत मदत सात मिनिटांत पोचल्याचं दिसलं, आणि अर्जदारांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार अन्य मदतही मिळाली असती, सबब निकड सिद्ध होत नाही. चीफनी ते ताईंना वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"ओरडा माझ्यावर," ताई म्हणाल्या.

"वॉल्टरने मला कोबीची रोपं दिली काल," चीफ म्हणाले. "कोबीची रोपं देणाऱ्या माणसावरून कसं ओरडू?"

मे महिन्यात टेरी गेली. जाताना ताईंना घट्ट मिठी मारून गेली. चीफनी मार्कर घेतला आणि तिच्या चौकटीत स्वतःच्या हाताने, जुन्या अक्षरांवरून बघत बघत, 'वाढले' लिहिलं. काना एका बाजूला कललेला आहे, पण वाचता येतं. आता तक्त्यात एकच नाव आहे. चीफ बासष्टचे आहेत, चढताना जिन्यात थांबतात. फळ्याजवळचा मार्कर ताईंनी आपल्या खणात कुलुपात ठेवलाय. मंगळवारचं भोक आता आठवडाभर पसरलंय, आणि काउंटीची गाडी अजूनही दुसऱ्याच टोकाहून येते.

अर्जाची गोष्ट गुरुनाथरावांना उन्हाळ्यात कळली. फाइल हाताला लागली. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. ताई दारात उभ्या होत्या.

"मी सत्तरचा आहे. एकाहत्तर का लिहिलं?"

"तुम्ही तुम्हीच आहात असं वाटू नये म्हणून."

"बरं." त्यांनी फाइल मिटली. "यंदाही माझंच लिही. मला सवय झाली. पण वार बदल बुवा, मंगळवारी मॅच असते."

"अहो, हळू बोला!"

"का? तो ऐकून राहिला काय?" असं म्हणून त्यांनी तळघराच्या दाराकडे बघितलं. हीटर बंद होता. ऑगस्ट होता.

आता नोव्हेंबर आलाय. गेल्या मंगळवारी मी काही कामाने हेझल क्रीकला गेलो होतो, म्हटलं ताईंना भेटून जावं. चार वाजत आले होते. चीफ घरी गेलेले. आत त्या एकट्याच. मला बसा म्हणाल्या आणि फोन उचलला. दर मंगळवारी चार वाजता त्या घरी फोन करतात. गुरुनाथराव मुद्दाम चौथ्या रिंगला उचलतात आणि म्हणतात, "आहे अजून."

चौथी रिंग झाली. पाचवी झाली. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. सहावी. त्यांचा दुसरा हात कोटाकडे गेला. मी उभा राहिलो, आणि उगीचच फळ्याकडे बघितलं, जणू त्या रिकाम्या चौकटींतून कोणी उठून गाडी काढणार होतं.

आठवीला फोन उचलला गेला. धाप लागलेली.

"वॉल्टरकडे होतो. कोबी देऊन राहिला होता. आहे अजून."

"अजून म्हणू नका हो," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ त्यावर हात धरून बसल्या.

समोर यंदाचा अर्ज उघडा होता. सातवा प्रश्न तोच. त्याखाली त्यांनी काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी न विचारता वाचलं, नसतं वाचलं तर बरं झालं असतं. एकसष्ट वर्षांची स्त्री. टाउनशिपच्या ऑफिसात एकटी. मंगळवार, दुपारचे चार.

"ताई, हे काय?"

"काल्पनिक," त्या म्हणाल्या. "मग कोणाचं लिहू?"

मी टोपी घातली, दार उघडलं. थंड हवा आत आली आणि मागे कुठेतरी इमारतीचा हीटर खाकरला. तिथेही आहे, हे मला माहीत नव्हतं. मी परत वळलो आणि जरा मोठ्यानेच, म्हणजे ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जाईल एवढ्याने, म्हणालो:

"येतो हं, ताई. पुढच्या मंगळवारी. चार वाजता."

"या," त्या म्हणाल्या.